अफियावीच्या घरातलं कापड

माझ्या मोठ्या आईला समोरच्या बाईचा पदर हातात घेतल्याशिवाय बोलता येत नाही. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, रुख्मिणी. वयानं, अंगानं आणि आवाजानंही ती मोठीच आहे. बोलता बोलता तिचा हात पुढे जातो, अंगठा आणि बोटाच्या मधे पदराचा काठ येतो, ती तो चोळून पाहते आणि तोंडानं बोलणं चालूच असतं. लग्नात असं करते, दवाखान्यात करते. एकदा बँकेत तिनं काउंटरच्या काचेखालून हात घालून पलीकडच्या बाईंची ओढणी धरली होती. त्या बाई चिडल्या तेव्हा म्हणाली, "राग नको मानू माय, सवयीचा हात आहे. कपडा चांगला आहे तुझा, फक्त गरम पाण्यात नको टाकू."

नागपूरला गांधीबागेत आमचं कापडाचं दुकान आहे. मोठे बाबा अचानक गेले तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी भूमिका शाळेत होती. मोठी आई आता घरी बसेल आणि दुकान माझे बाबा, गणपतराव, एकटे पाहतील असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन दुकानात आली. चपला काढल्या, गादीवर बसली आणि बाबांना म्हणाली, "भाऊजी, मले कपडा दाखवता येते. बाकीचं तुम्ही पाहा." बाबांनी सरकून जागा दिली. त्यांना वाटलं होतं, चार दिवस येईल आणि कंटाळेल. पुढे मी कॉलेज संपवून दुकानात बसायला लागले तेव्हा ओळखीचं गिऱ्हाईक दारातून आधी हेच विचारायचं, "ताई आहे ना?"

आमच्याकडे लग्नाच्या कपड्यांच्या खरेदीला बस्ता म्हणतात. सावनेर, काटोल, नरखेडकडची माणसं गाडी करून बस्त्याला येतात. नवरीची आई, नवऱ्याची आत्या, दोन्हीकडच्या जावा, आणि सगळ्यांचं तोंड वेगवेगळ्या दिशेला. मोठी आई त्या सगळ्यांना दोन गोष्टी सांगून एका दिशेला आणायची. पहिली गोष्ट तिच्या माहेरची. ती सावनेरजवळच्या खाप्याची, विणकराच्या घरातली. बाप मागावर लुगडी विणायचा आणि ती लहानपणी आईजवळ बसून सुताच्या कांड्या भरायची. दुसरी गोष्ट म्हणजे आपलं कापड जगभर गेलं, ही. "दुनिया उघडी होती तवा आपण तिले कपडा घातला," असं म्हणून ती साडीची घडी अशी झटकायची, की आत्याबाईसुद्धा गप्प व्हायच्या. ही दुसरी गोष्ट तिनं कुठून आणली होती, कोण जाणे. पण तिचा तिच्यावर पक्का विश्वास होता, आणि आम्हालाही ती ऐकायला आवडायची.

भूमिकाचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर बेनिनला गेली. बेनिन पश्चिम आफ्रिकेतला छोटा देश. आपल्या विदर्भासारखाच तिथंही कापूस पिकतो. सौरव, म्हणजे तिचा नवरा, जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या मशिनी बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. तीन वर्षांत भूमिका तिथली फ्रेंच बोलायला शिकली. मग तिला दिवस गेले. बाळंतपणाला ती नागपूरला येणार होती, पण डॉक्टरनं विमानप्रवास करायला मना केलं. तेव्हा मोठी आई म्हणाली, "ती नाही येऊ शकत त मी जाते." तोवर ती विमानात कधी बसली नव्हती.

बॅगेत डिंकाचे लाडू, हाळीव, ओवा आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी होती. बाबा म्हणाले, "वहिनी, तिथं डायपर मिळते." ती म्हणाली, "मिळत असंल. माह्या नातवंडाले पहिल्या दिवशी आपलंच कापड लागंल." वरून तिनं एक नवी कोरी साडीही ठेवली, लाल काठाची, मोतिया रंगाची. कोणाला द्यायची ते ठरलेलं नव्हतं. कोणाच्या घरी जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच.

मुलगी झाली. सव्वा महिना मोठी आई कोटोनू शहरातल्या भूमिकाच्या फ्लॅटमधून खाली उतरली नाही. शेक, तेल, मालिश, हाळिवाची खीर. सव्वा महिना संपल्यावर भूमिका तिला बाजारात घेऊन गेली, आणि तिथं मोठ्या आईला गांधीबाग सापडली. छतापर्यंत कापडाचे गठ्ठे आणि प्रत्येक दुकानात गादीवर बाईच. दुकानच्या दुकानं बायांची. एका दुकानापुढे ती थांबली, आणि सवयीप्रमाणे तिचा हात एका छापील कापडाच्या काठाकडे गेला. आतल्या बाईनं ते पाहिलं. ती मोठ्यानं हसली आणि तिनं मोठ्या आईला बसायला स्टूल दिलं. ती अफियावी. मोठ्या आईच्याच वयाची, तिच्याहून उंच, आणि डोक्याला तिनं इतका मोठा रुमाल बांधलेला, की मोठी आई घरी येऊन म्हणाली, "त्याच्यात एक परकर निघंल वं."

दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. भूमिका मधे बसून सांगायची. पण कापडाच्या दुकानात फार सांगावं लागत नाही. आठवड्यातून दोनदा तरी मोठी आई तिथं जायला लागली. गिऱ्हाईक आलं की अफियावी कापड उलगडायची आणि मोठी आई दुसरं टोक धरायची. व्हिडिओ कॉलवर तिनं मला अफियावी दाखवली होती. "हे माही पुतणी, मिनल," असं तिनं मराठीतच सांगितलं आणि अफियावीनं तिच्या भाषेत मला काहीतरी आशीर्वाद दिला.

एक दिवस अफियावी भूमिकाला म्हणाली, "तुझ्या आईला रविवारी माझ्या गावी घेऊन ये. आमच्या जुन्या घरात तिच्या देशाचं कापड आहे." ते घर आता संग्रहालय झालं होतं. आठवडाभर अफियावी बाजारात कापड विकायची आणि रविवारी गावी जाऊन घराचं दार उघडायची. मोठ्या आईनं एवढंच ऐकलं की तिथं आपलं कापड जपून ठेवलंय. तिला रात्री नीट झोप आली नाही. सकाळी तिनं ती लाल काठाची साडी पिशवीत घातली आणि म्हणाली, "आता समजलं, ही कोणाची होती."

पुढचं मला भूमिकानंही सांगितलं आणि मोठ्या आईनंही. दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता. फक्त मोठी आई काही ठिकाणी थांबायची.

गाव समुद्राकाठी होतं. घराच्या भिंती मातीच्या, जाड. मधे अंगण, अंगणात ओटा आणि पाण्याचा माठ. सौरव बाळाला घेऊन ओट्यावर बसला आणि या तिघी आत गेल्या. पहिल्या खोलीत काचेच्या पेट्या होत्या. एकीत रंगीत मणी आणि कवड्या, एकीत दारूच्या जुन्या बाटल्या, एकीत बंदूक. शेवटच्या पेटीत वीतभर निळं कापड होतं, कडा विरलेलं. मोठ्या आईचा हात सरळ गेला आणि काचेवर आपटला. अफियावी हसून म्हणाली, "ते म्हातारं झालंय, त्याला हात सोसत नाही."

मोठी आई काचेला नाक लावून पाहत राहिली. "हातमागाचंच आहे वं भूमे. काठ पाह्य त्याचा. किती एकसारखा आहे. इतक्या लांब आलं आपलं कापड." मग तिनं विचारलं, "अन् हे लोक त्याच्या बदल्यात काय देये? तेल देत असतीन, नाही?"

भूमिकानं तोवर पेटीखालची पाटी वाचली होती. ती म्हणाली, "आई, माणसं."

"म्हणजे?"

"कापड देऊन माणसं घ्यायचे. आपल्या किनाऱ्यावरून गोऱ्यांची जहाजं कापड घेऊन युरोपात जायची. तिथून ते इकडे यायचं. इथल्या दलालांना कापड, दारू, बंदुका द्यायच्या आणि माणसं जहाजात भरून समुद्रापार न्यायची. शेतात राबायला. त्यांची लेकरंही मग मालकाचीच."

"कोणच्या शेतात?"

"उसाच्या. मग कापसाच्याही."

"कापसाच्या," मोठी आई म्हणाली, आणि तिनं काचेवरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या खोलीत बेड्या होत्या. मोठ्यांच्या, आणि एक लहान. मोठी आई तिथं थांबली नाही. तिसऱ्या खोलीला खिडकी नव्हती. जहाज येईपर्यंत माणसांना इथं कोंडून ठेवायचे, असं अफियावीनं सांगितलं. कधी आठवडे जायचे. पळून जाऊ नये म्हणून, आणि अंगात काही व्यंग आहे का ते तपासायला म्हणून, त्यांच्या अंगावरचे कपडे काढून घ्यायचे.

भूमिकानं हे मराठीत सांगितलं तेव्हा मोठी आई खाली जमिनीवर बसली. तिचे गुडघे दुखतात, ती सहसा खाली बसत नाही. मग म्हणाली, "कापड देऊन घेतलं त्याइले, अन् त्याइलेच उघडं ठेवलं."

उठताना भूमिकानं आणि अफियावीनं दोन्हीकडून हात दिला. उभं राहिल्यावर तिनं भूमिकाला म्हटलं, "विचार तिले, हे घर कोणाचं होतं."

अफियावी म्हणाली, "आमचंच. माझ्या आजोबांच्या आजोबांचं. ते कापड घेणारे तेच." तिनं आवाज खाली केला नाही की मान फिरवली नाही. भूमिका मला म्हणाली, "अगं, दुकानात कापडाचा भाव सांगावा ना, तशी सांगत होती."

तिघी बाहेर आल्या. मोठी आई ओट्यावर बसली आणि तिनं पिशवी दोन्ही पायांच्या मधे घट्ट धरली. अफियावीनं माठातलं पाणी दिलं. एक नारळ फोडून त्याचे तुकडे दिले. मोठ्या आईनं तुकडा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. सौरवच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. मग मोठी आई म्हणाली, "विचार तिले, हे ती लोकाइले काहून दाखवते. आपल्या घरचं असं कोणी दाखवते का?"

भूमिकाला हे विचारायचा संकोच वाटला. पण मोठ्या आईनं पुन्हा म्हटलं, "विचार."

अफियावीनं ऐकून घेतलं आणि डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. मग सांगायला लागली. तिचे वडील त्या तिसऱ्या खोलीत मका साठवायचे आणि तिला कुलूप असायचं. घरात त्या खोलीबद्दल कोणी बोलत नसे. अफियावी नवी सून म्हणून सासरी गेली होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तेव्हा एक दिवस दारात परदेशातलं एक कुटुंब येऊन उभं राहिलं. ब्राझिलातलं. त्यांच्यात एक म्हातारी बाई होती. ती म्हणाली, आमची माणसं या गावातून नेली होती असं आमच्या घरी सांगतात, ते घर कुठलं? अफियावीचे वडील म्हणाले, असं काही इथं नाही, तुम्ही चुकलात. ती माणसं गेली नाहीत. म्हातारी बाई रस्त्याच्या बाजूनं भिंतीला हात लावून ऊन उतरेपर्यंत उभी राहिली. अफियावी आतून तिला पाहत होती, लेकराला दूध पाजत. पुढे वडील वारल्यावर तिनं भावंडांशी भांडून त्या खोलीतला मका बाहेर काढला.

"ते लोक इतक्या लांबून येतात," अफियावी म्हणाली. "कोणी तरी दार उघडायला नको का?"

मोठ्या आईनं हे ऐकलं आणि हातातला नारळाचा तुकडा तोंडात टाकला. मग अफियावीला पिशवीतून बाहेर आलेला लाल काठ दिसला. "ते काय आहे?"

"काही नाही," मोठी आई म्हणाली आणि तिनं काठ आत ढकलला.

"माझ्यासाठी आणलंय का?"

भूमिकानं आईकडे पाहिलं. मोठी आई म्हणाली, "सांग तिले, तिच्यासाठीच आणली होती. पण ते पाह्यल्यावर आता तिले कापड द्यायले हात होऊन नाही राहिला माहा."

अफियावीनं ते ऐकलं, वाकून पिशवीतून साडी काढून घेतली आणि मांडीवर उलगडली. काठ अंगठा आणि बोटाच्या मधे धरून तिनं चोळून पाहिला. "तुझ्या दुकानातली?"

"हाव."

"काय घेशील हिचं?"

"काही नाही वं. तुले आणली मी."

"मग नेसायची कशी ते दाखव," असं म्हणून अफियावी उभी राहिली.

त्या अंगणात मोठ्या आईनं तिला तिच्या रविवारच्या झग्यावरूनच साडी नेसवली. झगा घट्ट होता, निऱ्या खोचायला जागाच नव्हती. दोनदा सगळं सुटलं. भूमिका हसायला लागली, सौरवही. तिसऱ्यांदा मोठी आई निऱ्या धरून खाली बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. अफियावीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निऱ्या खोचून होईपर्यंत तो तिथंच राहू दिला.

महिनाभरानं मोठी आई नागपूरला परत आली. भूमिकानं नंतर शोधून काढलं की त्या प्रकारचं कापड आपल्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या किनाऱ्याजवळच्या गावांत विणलं जायचं, आपल्या भागाचा त्यात संबंध असल्याचं कुठं दिसत नाही. बाबांना हे ऐकून बरं वाटलं. पण मोठी आई दुकानात जे कोणी विचारेल त्याला तिथली हकीकत सांगायला लागली. कोणी म्हणालं, "ताई, फॉरेन कसं होतं?" की ती सुरू व्हायची. एका बस्त्यात नवऱ्याची आत्या ऐकता ऐकता रडायलाच लागली, आणि त्या दिवशी शालू घ्यायचा राहिला.

संध्याकाळी बाबा तिला म्हणाले, "वहिनी, लग्नाच्या खरेदीत हे काहून सांगता? लोकं खुशीनं येते. अन् आपण कुठं कोणाले विकलं? आपण त कापड विकलं."

"मी कुठं म्हटलं आपण विकलं, भाऊजी," ती म्हणाली. "कापड तिथं होतं, एवढंच सांगून राहिली मी."

"मग ते बस्त्यात नका सांगू."

"बरं," ती म्हणाली. आणि तिनं बस्त्यात सांगणं बंद केलं. पण कापडानं दुनिया झाकली, हेही मग ती बोलली नाही. घडी उलगडायची, भाव सांगायची, गप्प व्हायची. ताईंची तब्येत बरी नाही का, असं दोन-तीन गिऱ्हाइकांनी मला विचारलं.

एका सोमवारी ती म्हणाली, "मिनल, मले खाप्याले घेऊन चल." मी स्कूटरवर नेलं. तिचा भाऊ देवराव तिथं माहेरच्याच घरी राहतो. माग बंद होऊन खूप वर्षं झाली. विणताना पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली आहे आणि तिथं आता देवरावमामांचं किराणा दुकान आहे. मोठी आई त्या फरशीवर पाय पसरून बसली. मामींनी चहा दिला. कन्हान नदीला पाणी किती आहे, कोणाची पोरगी कुठं दिली, हे बोलणं झालं. मग ती म्हणाली, "दादा, बाबाचं लुगडं कुठं जाये गा?"

"कुठं म्हणजे? नागपूरले. चंपतराव व्यापाऱ्याचा माणूस यायचा, गाठोडं बांधून न्यायचा."

"अन् तिथून?"

"तिथून मले काय माहीत. बाबाले तरी कुठं माहीत होतं."

तिनं मग त्यांना सगळं सांगितलं. एक गिऱ्हाईक साखर घ्यायला आलं, त्याला देवरावमामांनी हातानंच थांबायला सांगितलं. तिचं संपल्यावर म्हणाले, "पण ते आपलं नव्हतं ना?"

"नाही. समुद्राजवळच्या मुलखातलं होतं."

"मग तू काहून झुरून राहिली?"

"तोही बाबासारखाच असंल गा. बायको कांड्या भरत असंल. लेकरू मागाजवळ खेळत असंल. किती मन लावून काठ केला होता त्यानं. अन् ते कुठं गेलं, काय काम आलं, त्याले कधी समजलंच नाही."

मामांनी साखर तोलून गिऱ्हाइकाला दिली आणि परत येऊन बसले. "बाबाले असं काही कळलं असतं, त काय केलं असतं त्यानं?"

मोठ्या आईनं विचार केला. "त्या दिवशी मागावर बसला नसता."

"अन् दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी बसला असता."

"हाव," मामा म्हणाले. "पोटाले लागते."

मग दोघं भाऊबहीण बापाच्या आठवणी काढत बसले. सूत तुटलं की तो कसा स्वतःलाच शिव्या द्यायचा, आणि लुगडं पूर्ण झालं की आधी आईच्या खांद्यावर टाकून कसं पाहायचा. ते सांगताना मोठी आई हसली. परत येताना सावनेरपर्यंत ती काही बोलली नाही. मग मागून म्हणाली, "हळू चालव, मले कोथिंबीर घ्यायची आहे." मला बरं वाटलं.

तुळशीचं लग्न झालं आणि बस्त्यांची गर्दी सुरू झाली. अशाच एका रविवारी दुपारी दुकान भरलेलं असताना तिचा फोन वाजला. भूमिका होती, व्हिडिओवर. मागे अफियावीचं अंगण दिसत होतं. "आई, अमेरिकेतून एक बाई आल्या आहेत. एकट्याच. त्या निळ्या कापडासमोर उभ्या आहेत, हलतच नाहीत. काही विचारताहेत, ते अफियावीला सांगता येत नाही. ती म्हणते, तुझ्या आईला लाव."

मोठ्या आईच्या समोर काटोलचं आख्खं वऱ्हाड बसलं होतं. तिनं हातातली साडी माझ्याकडे दिली, "थोडं थांबा बाई" म्हटलं आणि फोन घेऊन मागच्या खोलीत गेली. मीही साडी तशीच हातात घेऊन तिच्या मागे गेले. कापडाच्या गठ्ठ्यांमधे एक स्टूल असतं, त्यावर ती बसली. फोनमधे एक सत्तरीची बाई दिसत होती, पांढरे केस, चष्मा हातात. भूमिका दोघींच्या मधे बोलत होती.

"त्या विचारतात, ज्यांनी हे विणलं त्यांना माहीत होतं का, हे कशासाठी जातंय?"

मोठ्या आईनं फोन जवळ घेतला. "मले नाही वाटत," ती म्हणाली. "पण मी कशी सांगू, मी तिथं नव्हती. माहा बाप कापड विणे. त्याले माहीत नसे ते कुठं जाते." मग म्हणाली, "अन् हेही सांग तिले, मी पहिल्यानं ते पाह्यलं तवा खुश झाली होती. आपलं कापड म्हणून. मंग समजलं."

भूमिकानं सांगितलं. त्या बाईंनी डोळे पुसले आणि चष्मा लावला. त्यांची आजी कापूस वेचायची, असं म्हणाल्या. गुलामी संपल्यावरही तेच काम होतं, दुसरं नव्हतंच. आजीची बोटं त्यांना अजून आठवतात.

"बोंडाचं टोक लागते बोटाले," मोठी आई म्हणाली. "आमच्याकडेही बायाच वेचते. संध्याकाळी हळद-तेल लावते, तरी चरचरते." तिनं स्वतःची बोटं फोनसमोर धरली, जरी तिनं कधी कापूस वेचला नव्हता. त्या बाईंनीही आपला हात वर केला.

मग मोठ्या आईनं विचारलं, "तिनं काही खाल्लं का सकाळपासून?"

भूमिकानं विचारून सांगितलं, "नाही."

"मग अफियावीले सांग, आधी तिले जेवू घाल. त्या अंधाऱ्या खोलीत उपाशीपोटी नको नेऊ. अन् एकटीले नको नेऊ, हात धरून ने."

फोनमधून अफियावीचं मोठं हसणं ऐकू आलं. तिला हे भूमिकानं सांगण्याआधीच कळलं असावं.

मी वळून पाहिलं तर दारात बाबा उभे होते. वऱ्हाड खोळंबलंय म्हणून ते आम्हाला बोलवायला आले असणार. किती वेळचे उभे होते, ठाऊक नाही. ते तसेच परत गेले. बाहेर त्यांचा आवाज आला, "बसा, वहिनी जरा कामात आहे. चहा सांगतो." मग ते स्वतः गादीवर बसून साड्या काढायला लागले. बाबांना साडी दाखवता येत नाही, ते नेहमी उलटी बाजू वर धरतात. नवरीच्या आईनं विचारलं, "कोणाचा फोन आहे एवढा?"

"आमच्या वहिनीची एक मैत्रीण आहे, आफ्रिकेत. तिच्याकडे पाहुणी आली आहे," बाबा म्हणाले. "फार लांबून आली आहे ती."

नवरीच्या आईनं मान हलवली आणि कप उचलला.

थोड्या वेळानं मोठी आई नळावर तोंड धुऊन आली. पदरानं पुसलं, बाबांच्या हातातली साडी काढून घेऊन सुलटी केली. बाबा सरकले. ती गादीवर नीट बसली आणि नवरीकडे पाहून म्हणाली, "कुठलोक आलो होतो वं आपण?"

"हळदीच्या साडीपर्यंत," नवरी म्हणाली.

"मिनल, पिवळा गठ्ठा आण," मोठी आई म्हणाली. मी आणला.